लसजन्य पोलिओच्या बातमीतून वगळला जाणारा आकडा : आरोग्यवार्तांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या आणि वृत्त-संकेतस्थळे यांचे संपादक व आरोग्य-वार्ताहर यांस,

स. न. वि. वि.

पोलिओची बातमी आता क्वचितच येते, आणि आलीच तर ती बहुधा लसजन्य विषाणूची, म्हणजे लसीतील दुबळ्या विषाणूपासून बदलत जाऊन पुन्हा बळावलेल्या विषाणूची असते. यात नवल नाही. २०२१ साली मूळ, म्हणजे निसर्गात आढळणाऱ्या पोलिओ विषाणूचे साऱ्या जगात मिळून ६ रुग्ण नोंदले गेले, आणि त्याच वर्षी लसजन्य विषाणूमुळे लुळ्या पडलेल्या मुलांची संख्या मात्र शेकड्यांत होती. त्यामुळे या विषयावर आपण वरचेवर लिहिता हे योग्यच आहे, आणि ते लिहू नये असे सुचवण्याचा या पत्राचा मुळीच हेतू नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि अशा बातम्या वर्गात वाचायला देते. त्यांतले बहुतेक तपशील बरोबर असतात. विषाणूचा उगम लसीत आहे, हे विधानही बरोबर असते. माझी तक्रार एका गाळलेल्या आकड्याबद्दल आहे. ज्या वस्तीत हा विषाणू सापडला, तेथील किती टक्के मुलांना पोलिओच्या लसीच्या सर्व मात्रा मिळाल्या होत्या, हे बातमीत जवळजवळ कधीच नसते. तो आकडा नसला की ‘लसीमुळे पोलिओ झाला’ एवढेच वाचकाच्या लक्षात राहते, आणि मग आपल्या मुलाला लस न देण्याचा जो निर्णय तो सावधगिरी म्हणून घेतो, तोच या विषाणूच्या फैलावाला सर्वांत अनुकूल ठरतो.

हे असे का होते, ते थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. अल्बर्ट सेबिन यांनी तयार केलेली तोंडावाटे द्यायची लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. दोन थेंब पोटात गेल्यावर हा विषाणू आतड्यात वाढतो, शरीराला प्रतिकार शिकवतो आणि काही आठवडे विष्ठेवाटे बाहेर पडत राहतो. जेथे सांडपाण्याची व्यवस्था कच्ची असते तेथे तो शेजारच्या मुलांपर्यंतही पोहोचतो आणि लस न घेतलेल्या काही मुलांना आयतीच प्रतिकारशक्ती मिळवून देतो. या लसीचा हा मोठा फायदा मानला गेला आहे. परंतु विषाणू प्रत्येक शरीरात वाढताना आपल्या जनुकीय रचनेत थोडे थोडे बदल करत जातो. वस्तीतील बहुतेक मुले लसवंत असतील तर चार-दोन आतड्यांतून फिरून त्याची साखळी तुटते. ती नसतील, तर एका असुरक्षित मुलाकडून दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे जाताना त्याला वेळ मिळत राहतो, आणि दुबळेपणा टिकवून ठेवणारे बदल एकेक करून पुसले गेले की तो मज्जासंस्थेवर हल्ला करण्याची जुनी ताकद परत मिळवतो.

या वेळेचा अंदाज प्रयोगशाळेला बऱ्यापैकी अचूक लावता येतो. पोलिओ विषाणूच्या बाह्य कवचातील एका प्रथिनाचा सुमारे ९०० अक्षरांचा जनुकीय भाग तपासला जातो, आणि त्यात वर्षाला साधारण एक टक्का या गतीने बदल साचतात. पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी प्रकार १ व प्रकार ३ मध्ये लसीतील विषाणूपेक्षा १० किंवा अधिक आणि प्रकार २ मध्ये ६ किंवा अधिक अक्षरे बदललेली आढळली, तर त्यास लसजन्य विषाणू म्हणतात. म्हणजे ज्या दिवशी तुमच्याकडे बातमी येते, त्याच्या कित्येक महिने आधीपासून, बहुधा वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ, तो विषाणू कुठे तरी कोणाच्याही नजरेस न पडता फिरत असतो. शिवाय पोलिओची लागण झालेल्या सुमारे २०० जणांपैकी एकालाच लुळेपणा येतो, आणि प्रकार २ मध्ये हे प्रमाण त्याहूनही बरेच कमी असते. एका मुलाच्या लुळेपणामागे लागण होऊनही काहीच लक्षण न दिसलेली शेकडो माणसे असतात. त्यामुळे ‘काल लस दिली आणि आज पोलिओ झाला’ असे जे चित्र मथळ्यांतून उभे राहते, ते या विषाणूच्या चरित्राशी जुळत नाही.

गाळलेल्या आकड्याने बातमीचा अर्थ किती बदलतो, हे २०२२ सालच्या एका घटनेवरून चांगले दिसते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या रॉकलंड परगण्यात एका तरुण माणसाला लसजन्य प्रकार २ च्या विषाणूमुळे पक्षाघात झाल्याचे जाहीर झाले. अमेरिकेत २००० सालापासून तोंडावाटे द्यायची लस वापरातच नाही. तेथे केवळ इंजेक्शनची लस दिली जाते. विषाणू बाहेरून आलेला होता आणि जनुकीयदृष्ट्या त्याचे नाते लंडनच्या सांडपाण्यात व जेरुसलेममध्ये आढळलेल्या विषाणूंशी जुळले. जगभर बातम्या झाल्या. पण तो माणूस लस न घेतलेला होता, हे अनेक ठिकाणी खालच्या परिच्छेदात ढकलले गेले, आणि त्या परगण्यातील दोन वर्षांखालील मुलांपैकी तीन मात्रा पूर्ण झालेल्यांचे प्रमाण त्या सुमारास ६० टक्क्यांच्या आसपास आले होते, किंबहुना एका टपाल-विभागात ते ३७ टक्के इतके खाली होते, ही माहिती फारच थोड्या वाचकांपर्यंत पोहोचली. माझ्या मते खरी बातमी तीच होती. लंडनमध्ये त्याच विषाणूचे नातलग सांडपाण्याच्या नमुन्यांत वारंवार सापडले, तेथील आरोग्य यंत्रणेने १ ते ९ वर्षे वयाच्या सर्व मुलांना जादा मात्रा देऊ केली, आणि तेथे एकाही व्यक्तीला लुळेपणा आल्याची नोंद झाली नाही.

गाझाची गोष्ट वेगळी आहे; तेथे लस नाकारली गेली नव्हती. २०२२ मध्ये तेथील पोलिओ लसीकरणाचे प्रमाण ९९ टक्के होते, ते २०२३ मध्ये ८९ टक्क्यांवर घसरले, आणि युद्धाने आरोग्यसेवा, पाणीपुरवठा व मलनिस्सारण या तिन्ही गोष्टी मोडून काढल्यावर जुलै २०२४ मध्ये सांडपाण्यात लसजन्य प्रकार २ चा विषाणू सापडला. ऑगस्टमध्ये १० महिन्यांच्या एका बाळाला पक्षाघात झाल्याचे निश्चित झाले. त्या भागातील २५ वर्षांतला तो पहिलाच रुग्ण. सप्टेंबरमध्ये ठरावीक तास लढाई थांबवून पहिली फेरी घेण्यात आली आणि तीत दहा वर्षांखालील साडेपाच लाखांहून अधिक मुलांना लस मिळाली. एरवी ज्या ठिकाणी लसीची पेटीही सुरक्षित पोहोचत नव्हती, तेथे दोन थेंबांसाठी बंदुका थांबल्या, याची नोंद आपल्यापैकी अनेकांनी घेतली, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

आता अशा मुद्द्याकडे येते, जो माझ्या विद्यार्थ्यांनाही आरंभी पटत नाही. लसजन्य विषाणूचा उद्रेक लसीनेच थांबतो, आणि अनेकदा तोंडावाटे द्यायच्या लसीनेच. २०००-२००१ मध्ये हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक या एकाच बेटावरील दोन देशांत प्रकार १ च्या लसजन्य विषाणूने मुले लुळी पडली, आणि असा विषाणू साथ पसरवू शकतो हे तेव्हा प्रथमच स्पष्टपणे ओळखले गेले. दोन्हीकडे लस न मिळालेली मुले मोठ्या संख्येने साचलेली होती. साथ आटोक्यात आली ती त्याच तोंडावाटे द्यायच्या लसीच्या व्यापक मोहिमांमुळे. युक्रेनमध्ये २०१५ साली दोन मुलांना लसजन्य विषाणूने पक्षाघात झाला. त्याच्या आदल्या वर्षी तेथील जेमतेम निम्म्या मुलांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. पण विषाणूला वाट मिळते ती लस न मिळालेल्या मुलांच्या साखळीतून, आणि ती साखळी तोडण्यासाठी त्याच मुलांच्या आतड्यात प्रतिकार निर्माण करावा लागतो, हे ध्यानात घेतले की त्यात विसंगत काही उरत नाही.

बातम्यांत आणखी एक गल्लत नेहमी होते. लस घेतलेल्या मुलाला किंवा त्याच्या निकटच्या व्यक्तीला लसीतील विषाणूमुळेच थेट पक्षाघात होणे, ही एक स्वतंत्र आणि अत्यंत दुर्मीळ घटना आहे. तिचे प्रमाण पहिली मात्रा घेणाऱ्या सुमारे २७ लाख मुलांमागे एक, असे सांगितले जाते, आणि त्यातून साथ पसरत नाही. जन्मतः प्रतिकारशक्ती सदोष असलेल्या काही व्यक्तींच्या आतड्यात लसीतील विषाणू वर्षानुवर्षे टिकून राहतो, ही दुसरी गोष्ट. ब्रिटनमधील अशा एका व्यक्तीने २८ वर्षे विषाणू बाहेर टाकल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. समाजात फिरून बळावलेला विषाणू ही तिसरी गोष्ट, आणि बहुतेक बातम्या या तिसऱ्या गोष्टीच्या असतात. या तिन्हींची कारणे निराळी आहेत आणि त्यांवरचे उपायही निराळे आहेत. आरोग्य खात्याच्या पत्रकात केवळ ‘लसजन्य’ एवढेच लिहिलेले असेल, तर यांपैकी नेमके काय, हा प्रश्न वार्ताहराने विचारलाच पाहिजे.

आपण जागतिक पोलिओ निर्मूलन कार्यक्रमाची वकिली करावी, असे मी म्हणत नाही. कार्यक्रमाच्या चुका मोठ्या आहेत, आणि त्यांवर कठोर लेखन व्हायलाच हवे. मूळ प्रकार २ चा विषाणू १९९९ मध्ये भारतात शेवटचा आढळला आणि २०१५ मध्ये तो जगातून नाहीसा झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. तरीही तोंडावाटे लसीतील प्रकार २ चा घटक सुरूच होता, आणि लसजन्य विषाणूच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांचे मूळ त्या घटकातच होते. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये दीडशेहून अधिक देशांनी दोन आठवड्यांच्या आत तो घटक लसीतून काढून टाकला. तर्क बिनचूक होता. तयारी मात्र अपुरी होती. अनेक ठिकाणी प्रकार २ चा लसजन्य विषाणू त्याआधीच फिरत होता, त्या काळात इंजेक्शनच्या लसीचा जगभर तुटवडा होता, आणि बदलानंतर जन्मलेल्या मुलांच्या आतड्यांत प्रकार २ विरुद्ध काहीच प्रतिकार राहिला नाही. उद्रेक विझवण्यासाठी मग केवळ प्रकार २ ची जिवंत लस वापरावी लागली, आणि जेथे त्या मोहिमा अर्ध्याच मुलांपर्यंत पोहोचल्या तेथे त्यांतूनच नवे उद्रेक जन्माला आले. या बदलानंतर तीन हजारांहून अधिक मुले प्रकार २ च्या लसजन्य विषाणूने लुळी पडली आहेत. बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घेतलेल्या मूल्यमापनातही तो बदल फसल्याचेच म्हटले गेले. या साऱ्यावर मराठीत गंभीर लेख माझ्या तरी पाहण्यात फार आले नाहीत. ‘लसीमुळे पोलिओ’ असे मथळे मात्र भरपूर आले.

माहिती दडवल्याने काय होते, याचे उदाहरणही याच इतिहासात आहे. नायजेरियाच्या कानो राज्यात २००३ मध्ये लसीने वंध्यत्व येते अशा अफवांमुळे पोलिओ लसीकरण सुमारे ११ महिने बंद राहिले. तेथून मूळ विषाणू अनेक देशांत पोहोचला आणि २००५ मध्ये इंडोनेशियातील ३०३ मुले त्याच्या वंशजाने बाधित झाली. लसीकरण ज्या भागात कोसळले होते त्याच उत्तर नायजेरियात पुढे लसजन्य प्रकार २ ची साथ उठली, आणि तिची जाहीर वाच्यता २००७ मध्ये, बरीच उशिरा झाली. लोक लस नाकारतील या भीतीने बोलणे टाळले गेले असेल, तर ती भीती समजण्यासारखी आहे. पण उशिरा कळलेली गोष्ट लोकांना लपवलेली वाटते आणि अफवेला आधार मिळतो. म्हणूनच यंत्रणा गप्प असेल तेव्हा आपण लिहावेच. फक्त अर्धे लिहू नये.

वाचक हमखास विचारतात तो प्रश्न असा : इंजेक्शनच्या लसीत विषाणू मृत असतो, त्यापासून लसजन्य विषाणू कधीच तयार होऊ शकत नाही, तर मग तीच का देत नाहीत? प्रश्न अगदी रास्त आहे आणि बातमीत त्याला दोन वाक्यांची जागा मिळायला हवी. इंजेक्शनची लस रक्तात प्रतिपिंडे निर्माण करते आणि मुलाला लुळेपणापासून उत्तम वाचवते. पण ज्याला जिवंत लस कधीच मिळालेली नाही, त्याच्या आतड्यात ती फारसा अटकाव करत नाही, आणि तो स्वतः ठणठणीत राहूनही विषाणू पुढे पसरवू शकतो. इस्रायलने २००५ पासून केवळ इंजेक्शनची लस ठेवली होती. २०१३ मध्ये तेथील सांडपाण्यात मूळ प्रकार १ चा विषाणू महिनोन्‌महिने सापडत राहिला, एकही मूल लुळे पडले नाही, आणि तो प्रसार थांबवण्यासाठी तोंडावाटे लस पुन्हा द्यावी लागली. दोन्ही लसींचे काम वेगवेगळे आहे. त्यामुळेच अनेक देशांत आज दोन्ही दिल्या जातात, आणि मूळ विषाणू जगातून संपल्याची खात्री झाल्यावर तोंडावाटे लस पूर्णपणे थांबवण्याचे नियोजन आहे. दरम्यान प्रकार २ साठी जनुकीयदृष्ट्या अधिक स्थिर अशी नवी तोंडावाटे लस मार्च २०२१ पासून वापरात आली आहे. तिच्यातील विषाणूला जुनी ताकद परत मिळवणे पुष्कळ कठीण जाते, पण अशक्य नाही : २०२३ मध्ये बुरुंडी आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकात या नव्या लसीपासून उगम पावलेला विषाणूही सापडला. कमी लसीकरणाच्या दोषावर कोणतीही लस स्वतःच्या बळावर मात करू शकत नाही, हे या उदाहरणाइतके स्वच्छपणे क्वचितच दिसते.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आपल्या टेबलावर येईल तेव्हा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला किंवा मंत्रालयाच्या प्रवक्त्याला मुलाच्या नावापेक्षा वस्तीविषयी विचारावे. त्या भागातील नियमित लसीकरणाचे प्रमाण काय, आणि ते राष्ट्रीय सरासरीच्या मागे लपवलेले तर नाही? विषाणूचा प्रकार कोणता आणि त्यात किती बदल साचले आहेत? लुळेपणा आलेल्या १५ वर्षांखालील प्रत्येक मुलाच्या विष्ठेचे दोन नमुने पक्षाघातानंतर १४ दिवसांच्या आत घेतले जात आहेत का? सांडपाण्याची तपासणी त्या भागात होते का, की ती केवळ मोठ्या शहरांपुरती आहे? सरासरीचा मुद्दा मी मुद्दाम मांडते. देशाचे प्रमाण ९० टक्के असले तरी विषाणू फिरतो तो उरलेली १० टक्के मुले जेथे एकत्र राहतात तेथे : स्थलांतरित मजुरांच्या वस्त्यांत, संघर्षग्रस्त पट्ट्यांत, रस्ता संपतो त्याच्या पलीकडे, आणि कधी कधी सुस्थितीतल्या पण लस नाकारणाऱ्या समूहांतही.

मुलाचे नाव, छायाचित्र आणि घराचा पत्ता छापू नये, हे खरे तर सांगावे लागू नये. त्या कुटुंबाला गावभर दोष दिला जातो, आणि शेजारची कुटुंबे तपासणी पथकाला दार उघडेनाशी होतात.

शेवटची विनंती पाठपुराव्याची. उद्रेक जाहीर झाल्याची बातमी पहिल्या पानावर येते. तो कसा थांबला आणि त्यानंतर काय झाले, हे सहसा येतच नाही. पापुआ न्यू गिनीत २०१८ मध्ये लसजन्य प्रकार १ चा उद्रेक झाला, २६ मुले बाधित झाली, आणि लागोपाठच्या मोहिमांनी तो थांबवला गेला. मोहिमा संपल्या, पथके परतली, पण नियमित लसीकरण निम्म्या मुलांपर्यंतही पोहोचत नव्हते ते तसेच राहिले, आणि २०२५ मध्ये तेथे लसजन्य प्रकार २ चा विषाणू आढळून पुन्हा उद्रेक जाहीर करावा लागला. मधल्या सात वर्षांत त्या देशातील लसीकरणाच्या आकड्याबद्दल बातमी करणे कोणालाही शक्य होते. ज्या जिल्ह्याची बातमी आपण आज छापाल, तेथील आरोग्य खात्याला सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने तोच आकडा विचारण्याची नोंद आपल्या दैनंदिनीत करून ठेवावी, आणि उत्तर मिळाले नाही तर तेही छापावे.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका आणि नियमित वाचक